स्कीम नंबरचं गाव कसं होतं?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत नगररचनेच्या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि पानं मांडण्याआधी व्याख्यान ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी पद्धत. यात वक्त्याचा फायदा असा की श्रोते उठून जात नाहीत. धोका असा की मसालेभाताचा वास वक्त्याच्या आवाजापेक्षा लांब पोहोचतो. तेव्हा थेट विषयावर येतो.

आपण इंदुरात पत्ता कसा सांगतो, याकडे कधी लक्ष दिलंत का? आपल्या आजोबांच्या पिढीचा पत्ता रामबाग, खजुरी बाजार, जुनी इंदूर असा असायचा. नाव घेतलं की तिथलं देऊळ, हलवाई, एखादा वाडा डोळ्यांपुढे यायचा. आज आपल्यापैकी निम्मे लोक पत्ता सांगतात तो स्कीम नंबर ५४, ७१, ७८ किंवा १४०. विकास प्राधिकरणाने योजनेच्या कागदावर जो क्रमांक टाकला, तोच वस्तीचं नाव होऊन बसला. घरं चांगली आहेत, रस्ते रुंद आहेत, दारात गाडी उभी राहते. पण तिथल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारा, "बाळ, तुमच्या वस्तीचा मध्य कुठे?" तो एखाद्या मॉलचं नाव सांगेल, नाहीतर सिग्नलचं.

मंडळाच्या बैठकांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात निघतो. कार्यक्रम जुन्या शहरातच ठेवायचे, की माणसं जिथे राहायला गेली तिथे न्यायचे? जुन्या भागात गाडी लावायला जागा नाही, म्हणून ज्येष्ठ मंडळी येत नाहीत. नव्या वस्तीत करावं, तर चार भिंतींचा भाड्याचा हॉल सोडून जागा नाही. नवी घरं मिळाली, पण सगळ्यांनी मिळून कुठे जमायचं, हे काही त्या नकाशात नव्हतं.

हा प्रश्न आपल्याआधी अमेरिकेतल्या उपनगरांना पडला. तिथे काय करून पाहिलं, काय जमलं, काय फसलं, हे मला आज सांगायचं आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत. सहा-सहा महिने राहून आलेल्या आजी-आजोबांचा अनुभव बहुधा एकच असतो: घर मोठं, हिरवळ छान, पण दाराबाहेर पडलं तर पायी जावं असं ठिकाणच नाही. भाजी आणायची तरी मुलगा घरी येईपर्यंत थांबायचं.

असं का झालं? अमेरिकेच्या जुन्या गावांना आपल्या पेठेसारखा भाग असे. त्याला ते डाउनटाउन म्हणतात. एक मुख्य रस्ता, त्यावर दुकानं, वर राहती घरं, जवळच टपाल कचेरी, चर्च, नगरपालिका, वाचनालय. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, घरासाठी स्वस्त कर्जं मिळू लागली, घरोघर मोटार आली. १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि शहरं चहूबाजूंनी पसरली. शिवाय जमिनीच्या वापराचे नियम असे होते की घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे, कचेऱ्या तिसरीकडे. एकत्र मिसळायला जवळपास बंदीच. त्यामुळे लाख-लाख वस्तीची उपनगरं तयार झाली आणि त्यांतल्या कित्येकांना डाउनटाउनच नव्हतं.

ही उणीव एका माणसाला फार लवकर दिसली. त्याचं नाव व्हिक्टर ग्रुएन. जन्म व्हिएन्नाचा, १९०३ चा. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या फौजा आल्यावर १९३८ साली देश सोडून अमेरिकेत आलेला हा वास्तुविशारद. व्हिएन्नातले चौक, कॉफीची दुकानं, पायी फिरणारी माणसं त्याच्या मनातून गेली नव्हती. मिनियापोलिसजवळच्या एडिना या उपनगरात त्याने साउथडेल नावाचं केंद्र बांधलं. ते ऑक्टोबर १९५६ मध्ये उघडलं. पूर्ण छताखालचा, बारा महिने एकाच तापमानात ठेवलेला अमेरिकेतला हा पहिला मॉल. मिनेसोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत आत झाडं, कारंजं, पक्षी आणि बसायला जागा. लोक थक्क झाले.

ग्रुएनची कल्पना नुसत्या दुकानांची नव्हती. भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि तळं असं पूर्ण गाव त्याच्या आराखड्यात होतं. मॉल हा त्या गावाचा चौक व्हायचा होता. प्रत्यक्षात मॉल आणि त्याभोवती मोटारी उभ्या करायचं प्रचंड मैदान, एवढंच उचललं गेलं, कारण पैसा त्यातच होता. पुढे देशभर त्याच्याच नकला झाल्या. ग्रुएन १९६८ साली व्हिएन्नाला परतला आणि उतारवयात त्याने या मॉलांशी आपलं नातं जाहीरपणे नाकारलं. दैव असं की व्हिएन्नाच्या सीमेवरही तसाच एक अवाढव्य मॉल उभा राहिला आणि जुन्या दुकानांचं गिऱ्हाईक खेचू लागला.

पुढच्या पिढीत या मॉलांचंच वय झालं. नवे मॉल आले, मग घरबसल्या खरेदी आली, आणि जुने मॉल ओस पडले. तेव्हा काही उपनगरांनी त्याच जागेवर गावाचा मध्य घडवायचा प्रयत्न केला. दोन उदाहरणं तपशिलात सांगतो.

पहिलं कोलोरॅडो राज्यातल्या लेकवुडचं. डेन्व्हर शहराच्या पश्चिमेचं हे उपनगर १९६९ साली स्वतंत्र नगर झालं, पण त्याला पेठ नव्हती. जे होतं ते १९६६ साली उघडलेला 'व्हिला इटालिया' नावाचा मॉल. मुलांना सांताक्लॉज दाखवायला तिथे, तरुणांनी भेटायला तिथे. तो २००१ मध्ये बंद पडला. नगराने नागरिकांची समिती नेमली आणि प्रश्न असा ठेवला, की आणखी एक मॉल हवा की गावाचा मध्य हवा? लोकांनी मध्य मागितला.

तिथे केलं काय? सुमारे शंभर एकरांची ती सलग जागा बावीस छोट्या चौकोनांत तोडली आणि मधून रस्ते काढले. सलग शंभर एकर हा माणसासाठी वळसा असतो. मधून गल्ली निघाली की तो पायी चालतो, आणि चालणारा माणूस थांबतो, बोलतो, काही विकत घेतो. खाली दुकानं, वर घरं आणि कचेऱ्या, मध्ये एक मोकळा चौक, हिवाळ्यात त्यावर बर्फावरून घसरण्याचा खेळ. मोटारी ठेवायच्या इमारतीच्या रस्त्याकडच्या अंगाला चित्रकारांसाठी लहान गाळे काढले, म्हणजे चालणाऱ्याला कोरी भिंत दिसू नये. नव्या भागाला नाव दिलं बेलमार. हे नाव त्याच परिसरातल्या एका जुन्या हवेलीचं. पहिला टप्पा २००४ साली उघडला. मेलेल्या मॉलच्या नावाची आठवण म्हणून तिथे इटालियन उत्सवही भरू लागला.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरचं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला हे नगर आहे. तिथे जुना मुख्य रस्ता होता, पण तो इतका रुंद आणि भरधाव झाला होता की लोक त्यावरून जात, त्यावर येत नसत. २०१० साली नऊ चौकांच्या लांबीत तो नव्याने बांधला. वाहतुकीच्या पट्ट्या कमी केल्या, वेग उतरवला, पदपथ रुंद केले आणि मधोमध झाडांची एक रांग आणली. या झाडांखाली एरवी मोटारी उभ्या राहतात. बाजाराच्या किंवा उत्सवाच्या दिवशी गाड्या हटतात आणि तीच जागा मैदान होते. काम आठ महिन्यांत झालं. २०१२ साली त्याला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नगरविकासाचा राष्ट्रीय सन्मानही मिळाला.

एकच जागा दिवसा एका कामाची आणि रात्री दुसऱ्या. हे ऐकून आपल्यातल्या कुणाला सराफा आठवला नाही, तर तो इंदूरकर नव्हे! दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि दिवेलागणीनंतर त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर भुट्ट्याचा किस, गराडू आणि जिलबी. लँकेस्टरने आराखडा काढून जे केलं, ते आपल्या सराफ्यात आराखड्याशिवाय पिढ्यान् पिढ्या चालू आहे. कारण ओटा दुकानदाराचा असला तरी गल्ली सगळ्यांची आहे.

ही गल्ली कुणाची, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेतल्या नव्या डाउनटाउनांवर टीका होते ती इथेच. दिव्यांचे सुंदर खांब, विटांचे पदपथ, घड्याळाचा मनोरा असं सगळं असतं, पण कित्येक ठिकाणी रस्ता एका खासगी मालकाचा असतो. पोर्टलंडमधल्या एका मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना बाहेर काढलं होतं. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ साली निकाल मॉलच्या मालकाच्या बाजूने लागला. चौकासारखा दिसणारा प्रत्येक चौक कायद्याने चौक नसतो.

व्हर्जिनियातल्या रेस्टनचं उदाहरण तर बोलकं आहे. रॉबर्ट सायमन नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कचं प्रसिद्ध कार्नेगी हॉल विकून आलेल्या पैशातून १९६४ साली हे उपनगर वसवलं. गावाच्या नावात त्यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत. तळ्याकाठी छोटा चौक, खाली दुकानं, वर घरं. पुढे १९९० साली त्याच गावात मोठं नगरकेंद्र झालं. लोक तिथे रमले. २०१७ मध्ये त्या केंद्राच्या मालक कंपनीने गाड्या लावायला पैसे आकारायला सुरुवात केली आणि दुकानदार व रहिवासी निषेधाला रस्त्यावर उतरले. सत्तावीस वर्षं ज्याला आपलं गाव म्हटलं, त्याचा कारभार आपल्या हाती नाही, हे लोकांना पार्किंगच्या पावतीवरून कळलं. उलट तळ्याकाठच्या त्या जुन्या चौकात सायमन यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे आणि त्यांच्या वाढदिवसाच्या सुमारास गावाचा दिवस साजरा होतो. ते स्वतः म्हातारपणी तिथेच राहायला आले आणि शंभरी ओलांडून २०१५ साली वारले.

आता आपल्याकडे येऊ. इंदूरच्या दृष्टीने या सगळ्यातून काय घ्यायचं?

मला एक गोष्ट पक्की वाटते. वस्तीला ओळख मिळते ती तिथे माणसं पुन्हा पुन्हा काय करतात त्यावरून. रचना त्या सवयीला जागा देऊ शकते, नाहीतर तिची वाट अडवू शकते. पण कमान उभी केली म्हणून सवय लागत नाही.

याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर दर अनंत चतुर्दशीला जातो. हुकूमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल या कापडगिरण्यांच्या कामगारांनी गणपतीच्या झांक्या सुरू केल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या. हुकूमचंद मिल तर १९९१ साली बंद झाली आणि कामगारांना देण्यासाठी तीन दशकं झगडावं लागलं. तरी झांक्या निघत राहिल्या. लोकांकडून वर्गणी मागून, नगरपालिकेची मदत घेऊन त्या अजून रात्रभर शहरातून फिरतात. भोंगा थांबला, पगार थांबला, पण त्या एका रात्रीच्या रस्त्यावरचा हक्क कामगारांनी सोडला नाही. ती गिरणगावाची ओळख आहे.

उत्सवाची ही ताकद शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने इथेच ओळखली होती. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेले. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात ते इंदूरला आले आणि १९१८ साली त्यांचा शहरावरचा दोन खंडांचा अहवाल होळकर दरबारासाठी छापला गेला. शहरात तेव्हा प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत जास्त स्वच्छ आणि दुरुस्त झालेल्या असतील, त्यांतून जाईल. मग काय, आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून घराघरांत झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता. देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या आजच्या इंदूरने ही गोष्ट शाळेत शिकवावी अशी आहे. गेडिस यांचं म्हणणं असं की जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जिथे अडलं आहे तेवढंच नाजूक हाताने मोकळं करा. डॉक्टरने हात तोडायच्या आधी काटा काढून पाहावा, तसं.

नव्या इंदुरात याचं एक चांगलं उदाहरण आहे, छप्पन दुकान. न्यू पलासियातली ही दुकानांची रांग २०२० साली नव्याने मांडली आणि रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला. काम छप्पन दिवसांत उरकलं, हेही इंदुरीच! आज तिथे संध्याकाळी आजोबा बाकावर बसतात आणि नातू समोर खेळतो. मोटार बाहेर ठेवली तर गिऱ्हाईक तुटतं, ही भीती तिथे तरी खोटी ठरली. पण एक उणीव मला दिसते. तिथे जायचं कारण एकच, खाणं. पोट भरलं की माणूस घरी जातो. चौकाला तीन-चार कारणं लागतात: वाचनालय, पाळणाघर, टपाल किंवा वीजबिलाची खिडकी, देऊळ, दवाखाना, एक लहानसा रंगमंच. लेकवुडमध्ये नगरपालिका आणि सांस्कृतिक केंद्र नव्या पेठेच्या समोरच आहेत, ते उगीच नाही.

मग स्कीम नंबरच्या वस्तीत राहणाऱ्या आपण काय करावं? मोठ्या खर्चाच्या आधी करता येतील अशा चार गोष्टी सुचवतो.

एक, जागा निवडा. प्रत्येक स्कीममध्ये सार्वजनिक उपयोगासाठी राखलेले भूखंड असतात. ते कुठे आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, हे नकाशा मागवून पाहा. जी जागा सगळ्यांची आहे आणि जिथे पायी पोहोचता येतं, तीच धरा. कुणाच्या मेहेरबानीची जागा धरू नका.

दोन, दरवर्षी त्याच जागी बसा. यंदा एका हॉलमध्ये, पुढच्या वर्षी दुसऱ्यात, असं मंडप हिंडवू नका. गुढीपाडव्याला, कोजागरीला, दिवाळी पहाटेला आणि गणपतीला तीच जागा असू द्या. मुलाला आठवण राहते ती जागेला चिकटून.

तीन, ती जागा फक्त मराठी माणसांची ठेवू नका. हे बोलताना मला जपून बोलावं लागतं, पण बोलायला हवं. त्या वस्तीत माळवी, सिंधी, गुजराती, पंजाबी, मुसलमान अशी सगळी घरं आहेत. आपण आपल्याच हॉलमध्ये आपलीच भाषा बोलून घरी गेलो, तर भाषा टिकेल कदाचित, वस्ती होणार नाही. आणि ज्या वस्तीला आपण परके, तिथे आपली नातवंडं मराठी कुणाच्या देखत बोलणार? राजवाड्यापुढची रंगपंचमीची गेर कुणा एका समाजाची नाही, म्हणून ती इंदूरची आहे.

चार, नाव द्या. बेलमारने जमिनीतलं जुनं नाव शोधून काढलं. तुमची स्कीम ज्या खेड्याच्या शेतांवर उभी आहे, त्या खेड्याचं नाव काय होतं? तिथली विहीर, एखादा जुना पिंपळ, सतीचा ओटा अजून असेल. तिथे जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते नाव चौकाला द्या आणि पत्त्यात लिहायला लागा. सरकारी कागद मागाहून येईल.

राहिला मंडळाच्या जागेचा प्रश्न. माझ्या मते जुन्या शहरातली वास्तू सोडू नये. बेलमारसाठी लेकवुडला शंभर एकर मोडावे लागले. आपल्याकडे राजवाडा, खजुरी बाजार, सराफा हे सगळं तयार आहे आणि ते एकदा हातचं गेलं, तर कुणी वास्तुविशारद परत आणून देणार नाही. पण सगळे कार्यक्रम तिथेच हा हट्टही नको. मोठे उत्सव मूळ जागी व्हावेत, जाण्या-येण्यासाठी मंडळाने बस करावी. आणि दर महिन्याचं काही, म्हणजे वाचनकट्टा, भजन, मुलांचा मराठी वर्ग, हे नव्या वस्तीतल्या त्या निवडलेल्या चौकात, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर व्हावं. वाटेने जाणारा कुणी थांबून विचारेल, "ये क्या चल रहा है?" त्याला बसायला खुर्ची द्यावी.

लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आणण्याच्या चळवळीला बळ दिलं. आपल्या नव्या वस्त्यांत तो हळूहळू सोसायटीच्या फाटकाआड आणि तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गेला आहे. पुढच्या वर्षीची वर्गणी ठरवायला बैठक होईल, तेव्हा विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी एवढीच माझी विनंती: मूर्ती कुठे बसवायची. जागा ठरली की बाकीचं आपण करूच.

पानं मांडली गेली आहेत असं दिसतं.  गणपती बाप्पा मोरया!